दीडशे म्हणजे किती तास

मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर आमच्या पाथर्डीकडच्या गावात, रस्त्यापासून थोडं आत, स्लॅबचं घर बांधून राहिलो. मी आणि आमचे हे. हे पंचायत समितीत कारकून होते. कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही त्यांची नोकरीतली ख्याती. पण घरच्या बॅटरीवरचा कागद ना त्यांनी नीट वाचला, ना मी. त्या हिवाळ्यात आम्हाला जे भोगावं लागलं ते यातूनच.

दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते. शेजारचं जोडपंही दरवर्षी जातं, कराडकडच्या कारखान्यावर. त्या वर्षी जाताना शेजारीण तिच्या बारा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा माझ्या हवाली करून गेली. ट्रॅक्टर दारात उभा होता, भांड्यांचं गाठोडं चढवलं होतं, आणि ती मात्र माझ्या ओट्यावरून हलत नव्हती.

"बाई, तुमच्याकडं ती पेटी हाय ना उबवायची? अंडी साठली की साठ मांडा. म्या येईस्तोवर तलंगा तयार व्हत्याल. पोरीच्या बाळंतपनाला लागत्यात."

तलंगा म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या कोंबड्या. मी हो म्हणाले. पेटी होती आमच्याकडे. ह्यांनी हौसेनं एका सुताराकडून प्लायवूडची करून घेतलेली, आत साठ वॉटचे चार बल्ब, एक छोटा पंखा, आणि उष्णता साडेसदतीस अंशाला पोचली की बल्ब आपोआप बंद करणारं एक यंत्र. त्याआधी उन्हाळ्यात आम्ही छतावर दोन सोलर पॅनल बसवली होती. जिन्याखाली इन्व्हर्टर आणि त्याच्या शेजारी एक मोठी, पाण्याची बॅटरी.

त्या बॅटरीबद्दल आम्हाला एवढंच माहीत होतं की ती 'दीडशेची' आहे. दुकानदार म्हणाला होता, "दीडशेची हाय, बिनघोर राहा." आल्यागेल्याला हे तेच सांगायचे. दीडशेची आहे. कुणी विचारलं नाही, दीडशे काय? लाईट दोन-तीन तास जायची, बॅटरी तेवढं निभावून न्यायची, आणि आम्हाला वाटायचं, अजून एकशे सत्तेचाळीस शिल्लक आहेत. हे मी आज हसून लिहिते आहे, पण मनात खरोखर असंच काहीतरी होतं.

अंडी मांडली. शेजारणीचा दर दोन दिवसांनी फडावरून फोन. "फिरवता ना बाई? पानी ठिवलंय ना पेटीत?" मी फिरवत होते. दिवसातून पाच वेळा. प्रत्येक अंड्यावर एका बाजूला पेन्सिलीनं फुली, दुसऱ्या बाजूला गोल. आठव्या दिवशी उजेडासमोर धरून पाहिली, आठ अंड्यांत काहीच नव्हतं, ती काढली. उरली बावन्न. त्यातल्या लाल रेषा आणि मधला तो हलणारा ठिपका पाहिल्यापासून माझं चित्त घरात दुसरीकडे लागेना. भाजी चिरताना उठायचं, पेटीतला उष्णतेचा काटा बघायचा, परत बसायचं. हे म्हणायचे, "अगं, तू बघितल्यानं काय ते लवकर निघणार आहेत का?"

चौदाव्या दिवशी दुपारी मोठा आवाज झाला. ओढ्याकडच्या डीपीतून, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरमधून, काळा धूर निघाला आणि सगळ्या वस्तीची लाईट गेली. तासाभरानं वायरमन आला, वर बघून खाली उतरला.

"जळाली. दुसरी यायला चार दिवस धरा. कमी न्हाई, जास्तच."

माणसं कुरकुरत घरी गेली. मी धावत घरी आले ती थेट पेटीपाशी. बल्ब चालू होते, बॅटरीवर. मी पाटी-पेन्सिलच घेतली म्हणा ना, म्हणजे जुन्या वहीचा मागचा कागद. भाऊ माझा जिल्ह्यातल्याच नागापूरच्या एमआयडीसीत मोटारी दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात आहे. त्यानं कधीतरी सांगितलं होतं की बॅटरीचे व्होल्ट आणि तो मोठा आकडा यांचा गुणाकार करायचा. बारा गुणिले दीडशे, अठराशे. बल्ब सारखे चालू नसतात, धरू सरासरी शंभर वॉट. अठराशे भागिले शंभर. अठरा तास! ऊन जातं साडेपाचला, सूर्य उगवतो सातला. मी कागद ह्यांच्यापुढे धरला. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? दीडशेची आहे."

त्या संध्याकाळी हे क्रिकेटची मॅच बघत बसले. फ्रीज चालू होता. मला ते खटकलंही नाही. हिशेबच इतका ऐसपैस निघाला होता.

पहाटे साडेपाचला जाग आली ती कशानं कळेना. मग लक्षात आलं, पेटीच्या पंख्याची घरघर नव्हती. मी मोबाईलचा उजेड पाडला. पेटी काळोखी. इन्व्हर्टरवर एकच लाल ठिपका. काटा अठ्ठावीसवर.

पुढची दोन मिनिटं मी नुसती पेटीपाशी उभी होते. हात लावावा की न लावावा. मग चूल पेटवली, पाणी तापवलं, घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या प्लास्टिकच्या बाटल्या कोमट पाण्यानं भरल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि अंड्यांच्या भोवती रचल्या. पेटीवर दोन गोधड्या टाकल्या, हवेची भोकं उघडी ठेवून. हे उठून आले. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "दुकानदाराला धरतो आज."

"कशाला धरता? काय म्हणणार त्याला?"

"दीडशेची सांगून..."

"दीडशे काय?" मी ओरडलेच. घरात इतक्या वर्षांत मी आवाज चढवला नव्हता. "दीडशे काय, ते सांगा आधी!"

भावाला फोन लावला. त्यानं झोपेतच उचलला.

"ताई, अठरा तास तू कुठून काढलेस?"

मी हिशेब सांगितला.

"गुणाकार बरोबर आहे तुझा. पण ही बॅटरी तळापर्यंत ओरपायची नसते गं. निम्मी वापरायची. त्याखाली गेली की खराब होते. म्हणजे अठराशेचे झाले नऊशे. त्यातलं इन्व्हर्टर स्वतःच खातो, बॅटरीची वीज घरच्या विजेसारखी करताना. शिवाय नुसता चालू ठेवला तरी खातो. मग फ्रीज. टीव्ही लावला होता का?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. "लावला होता."

"मग मध्यरात्रीच्या आतच दम तोडला असणार तिनं. दुपारपर्यंत येतो मी. पेटी गरम ठेव. आणि फ्रीज बंद कर, आत्ताच्या आत्ता."

त्या दिवशी ऊन पडलंच नाही. मार्गशीर्षातलं ते राखी आभाळ, वारा, आणि छतावरची पॅनल नुसती काचा असल्यासारखी पडलेली. दर अर्ध्या तासानं मी बाटल्या बदलत होते. चुलीपासून पेटी, पेटीपासून गच्ची, गच्चीवरून आभाळ बघून परत खाली. नऊच्या सुमाराला हे माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात आले आणि दाराला टेकून उभे राहिले.

"काल रात्री इन्व्हर्टर टीं-टीं वाजला होता. मी ऐकला," ते म्हणाले. "वाटलं, फ्रीजमुळे वाजतोय. थांबला मग आपोआप. म्हणून मी परत झोपलो."

पाणी उकळायला लागलं होतं, त्यात गार पाणी घालायचं होतं. राग आला होता, पण तो काढायला बसायला वेळ नव्हता. आणि खरं सांगायचं तर कागदावर अठरा तास लिहिणारी मीच होते.

भाऊ बारा वाजता मोटारसायकलवरून आला. पाठीवर पिशवी, तोंडाला रुमाल. चहासुद्धा न घेता जिन्याखाली वाकला. बॅटरीची सहाही बुचं काढली आणि बॅटरीत डोकावून बघत म्हणाला, "दाजी, यात डिस्टिल्ड वॉटर कधी घातलं होतं?"

हे म्हणाले, "दुकानदार म्हणाला होता, बघत चला. मी बघायचो."

"आत?"

"बाहेरून."

भावानं मला बोलावून दाखवलं. तीन कप्प्यांत पाणी इतकं खाली गेलं होतं की शिशाच्या पट्ट्यांची टोकं उघडी पडली होती. "जेवढी पट्टी कोरडी, तेवढी कामाला नाही," तो म्हणाला. "म्हणजे दीडशे हे लेबलावरच. आत तेवढी राहिली नाही." हे पिशवी घेऊन गावातल्या पंक्चरवाल्याकडे डिस्टिल्ड वॉटर आणायला गेले. त्यांना इतक्या झपाट्यानं चालताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

तेवढ्यात मी भावाला म्हटलं, "मला नीट सांग. दीडशे म्हणजे काय? तास नाही, वॉट नाही. मग काय?"

"अँपियर-तास. अँपियर गुणिले तास. एक अँपियर घेतलास तर दीडशे तास, दहा घेतलेस तर पंधरा तास."

मी थांबले. हे तर मी दर वर्षी पाचवीला, सहावीला शिकवत आले होते. काळ-काम. दहा मजूर एक काम सहा दिवसांत करतात, तर पंधरा मजूर किती दिवसांत? काम आहे साठ मजूर-दिवसांचं. तो साठ म्हणजे मजूरही नाहीत आणि दिवसही नाहीत, दोघांचा गुणाकार. पोरं तिथंच अडायची. "बाई, साठ काय? साठ दिवस?" आणि मी फळ्यावर छडी मारून म्हणायचे, साठ मजूर-दिवस! आता मीच त्या पोरांच्या जागी उभी होते.

"मग दहानं पंधरा तास, वीसनं साडेसात तास," मी म्हणाले.

"नाही," भाऊ म्हणाला. "कागदावर साडेसात. खरे कमी." त्यानं बॅटरीच्या कडेची धूळ अंगठ्यानं पुसली. दीडशेच्या पुढे बारीक अक्षरात काहीतरी होतं. सी-२०. "हे वाचलंस? याचा अर्थ, वीस तासांत सावकाश वापरली तर दीडशे. म्हणजे साडेसात अँपियरनं. घाईनं उपसलीस तर तेवढी देत नाही. शंभर-सव्वाशेवरच बसते. काही बॅटऱ्यांवर सी-१० असतं. ती दहा तासांत दीडशे देते. दोन्हींवर आकडा दीडशेच. पण सी-१० वाली जास्त ताकदीची."

उन्हाळ्यापासून ती ओळ तिथंच होती. मी झाडू मारताना रोज तिच्यासमोर वाकत होते.

ह्यांनी पाणी आणलं, भावानं कप्पे भरले. मग त्यानं पेटी उघडली. "हे बल्ब घरच्या विजेचे. त्यांच्यासाठी इन्व्हर्टर चालवायचा, आणि तो अर्धीमुर्धी वीज गिळणार. सरळ बॅटरीवरच चालवू." पिशवीतून त्यानं ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्याचे चार बल्ब काढले, बारा व्होल्टचे, एकवीस वॉटचे. वायरी काढल्या, जोडल्या. पंखा आणि उष्णतेचं यंत्र मुळात बारा व्होल्टचंच होतं, अडॅप्टरवर चालवलेलं, त्यामुळे ते सरळ लागलं. तो जोडत असताना माझ्या हातातल्या बाटल्या तिसऱ्यांदा गार झाल्या. तीन वाजता चारही बल्ब लागले. काटा बत्तीसवरून हलला, तेहतीस, चौतीस. गोधड्या तशाच ठेवल्या.

पेटी साडेसदतीसवर पोचल्यावर त्यानं एक चिमट्यासारखा मीटर वायरीला लावला. बल्ब निम्मा वेळ पेटत होते. सरासरी चार अँपियर.

"आता कर हिशेब."

मी खडूनं जिन्याच्या भिंतीवर लिहिलं. दीडशे. त्याचे निम्मे पंच्याहत्तर.

"साठ धर," तो म्हणाला. "वाळलीये ती."

साठ भागिले चार. पंधरा तास. साडेपाचपासून सकाळी साडेआठपर्यंत. मी आकड्याकडे बघत राहिले. कालच्या अठरावर मी निर्धास्त झोपले होते, आजच्या पंधरावर माझा विश्वास बसेना.

"पण भरली कुठंय ती?" मी म्हणाले. "काल रिकामी झाली. आज ऊन नाही. साठ आहेत का तरी तिच्यात?"

भाऊ माझ्याकडे बघून हसला. "आता बरोबर प्रश्न विचारलास." मग गंभीर झाला. "नाहीत. आज वीस असले तरी पुष्कळ. पहाटे बाटल्या लागतीलच. जेवढं ऊन येईल तेवढं तिच्यात जाऊ दे. घरात दुसरं काही लावू नका. हा मीटर ठेवून जातो. बारा व्होल्टच्या खाली आकडा गेला की बॅटरी सोडवायची आणि गरम बाटल्यांवर यायचं. तिला मारू नकोस, उद्या तीच लागणार आहे."

तो संध्याकाळी गेला. त्याला सकाळची पाळी होती.

पुढचे तीन दिवस मी कसे काढले ते मला सलग आठवत नाही. आठवतात ते आकडे. बारा पूर्णांक चार. बारा पूर्णांक दोन. बारा पूर्णांक एक. मोबाईल आम्ही चार्ज करायचे बंद केले, एकच चालू ठेवला. जेवण दिवस मावळायच्या आत. हे पॅनलवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसायला दिवसातून दोनदा गच्चीवर जात. आभाळ फाटून जरा ऊन आलं की वरून ओरडत, "आलं, आलं! बघ मीटर!" आणि मी खालून ओरडून आकडा सांगायचे. कधी एक ढग यायचा आणि पाचच मिनिटांत सगळं परत खाली. मी एका जागी बसूच शकत नव्हते. बसले की वाटायचं, आत काहीतरी थांबलंय. उठून पेटीला कान लावायचे, तर पंख्याशिवाय काही ऐकू यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारणीचा फोन आला. मागे कोयत्यांचा आवाज, कुणीतरी बैलांना हाकत होतं.

"बरी हायेत ना बाई?"

"बरी आहेत," मी म्हणाले.

"पंधरावा का सोळावा आज?"

"सोळावा."

"मंग झालंच की."

फोन ठेवल्यावर मी परत पेटीचा काटा बघून आले. तिला आधी सांगायला हवं होतं. पण सांगून ती तिथून काय करणार? उसात वाकून उगाच घोर लावून घेणार. असं मी स्वतःला समजावत होते, आणि ते पटत नव्हतं.

पाचव्या दिवशी दिवस मावळताना नवी डीपी आली. लाईट आल्यावर वस्तीवर पोरं ओरडली. हे टीव्हीकडे गेले नाहीत. पेटीपाशी स्टूल टाकून बसले.

एकविसावा दिवस उजाडला. काही नाही. दुपार झाली, काही नाही. संध्याकाळी मी एक अंडं हातात घेऊन कानाशी धरलं, काही नाही. हे म्हणाले, "गेली असतील तर वास येईल. उद्या काढून टाकू." मी त्यांना काढू दिली नाहीत. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "बॅटरीचं विचार ताई, कोंबड्यांचं मला काय कळतंय." बाविसावा दिवसही दुपारपर्यंत तसाच. मी दोन वेळा पेटी उघडायला हात नेला आणि दोन वेळा मागे घेतला. तिसऱ्यांदा गेले तेव्हा एका अंड्यावर, फुलीच्या बाजूला, टाचणीच्या डोक्याएवढी भेग होती. आतून बारीक आवाज येत होता. मी ह्यांना हाक मारली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तेहतीस पिल्लं निघाली. एकोणीस अंडी तशीच राहिली. ती आम्ही बांधाकडेला खड्डा करून पुरली. खड्डा ह्यांनी खणला, मला हात लावू दिला नाही.

त्या रात्री जेवणाआधी मी शेजारणीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. डीपी, बॅटरी, टीव्ही, अठरा तासांचा हिशेब, आणि मी तिच्याशी खोटं बोलले तेही.

"अवो बाई, कोंबडी बी उठती की अंड्यावरून. दाना खाया जाती."

"सहा-सहा तास नाही उठत ती."

मी फोन कानाला घट्ट धरून उभी होते.

"न्हाई उठत," ती म्हणाली. "पर तेहतीस लई झाली. आमची खुडूक बसली असती तर बारा-तेराच निघाली असती. आता मांजरापासून जपा म्हंजे झालं."

चैत्रात ती परत आली तेव्हा पिल्लं चांगली लांब टांगांची, भांडखोर झाली होती. एकोणतीस उरली होती. तिनं एकेक धरून, पोटाखाली हात घालून, वजन जोखलं. चार मला ठेवून बाकीची डालग्यात घातली. मग ओट्यावर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि जिन्याखाली बघत म्हणाली, "आमी बी यंदा पत्र्यावर सोलर बसवायचं म्हनतो. बॅटरी कितीची घ्यावी बाई? दीडशेची पुरंल?"

हे आतून बाहेर आले. मी म्हटलं, आता हे उत्तर देतील. ते नुसते खांबाला टेकले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"आधी सांग, काय काय चालवणार आहेस? आणि किती किती वेळ?" मी म्हणाले आणि वही उघडली.

ती बोटं मोजायला लागली. एक बल्ब घरात. एक गोठ्यात. पंखा, पोरगी बाळंतपणाला येणार म्हणून. मोबाईल दोन.

"पंखा किती तास?"

"आता त्ये कसं सांगू? ल्येकरू झोपंल तवर."

"लेकरू किती झोपेल?"

ती हसली. "त्ये तुमच्या वहीत न्हाई लिवता यायचं."

मी तरीही लिहिलं. बारा तास. मग खोडून चौदा केलं.